फिनेल शिंपडलें म्हणजे जागा शुद्ध झाली काय?

फाशीच्या रोगानें, म्हणजे काळपुळीनें, जनावर दगावलें असतां त्या जागीं फिनेल शिंपडून निश्चिंत होणारे शेतकरी पुष्कळ आहेत. ही समजूत घातक असल्यामुळें तिचा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या रोगाचे जंतु जनावराच्या शरीरांत असतात तोंवर नाजूक असतात. न फाडलेल्या प्रेतांत ते कुजण्याच्या क्रियेनेंच थोड्या दिवसांत बहुतेक मरतात. परंतु रक्त बाहेर पडून त्यांस हवा लागली, कीं त्यांचे बीजाणू बनतात. हे बीजाणू जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनीं १८७६ सालीं दाखवून दिले.

बीजाणू म्हणजे जणूं कडक टरफलाचें वाळलेलें बीं होय. फॉर्मॅलीनसारखीं औषधें जंतूच्या डीएनएवर, म्हणजे त्याचे आनुवंशिक गुण ज्यांत सांठविलेले असतात त्या द्रव्यावर, घाव घालतात. बीजाणूंत या द्रव्याचा बंदोबस्त चांगलाच असतो. बाहेरचें कवच कित्येक औषधें अडवितें. आंतील पडदा औषधास फार सावकाश शिरूं देतो. गाभ्यांत पाणी थोडें असून कॅल्शियम व डायपिकोलिनिक आम्ल भरलेलें असतें. शिवाय बारीक प्रथिनें डीएनएस लगडून बसतात व त्यास झांकतात. इतक्यांतूनही इजा झालीच, तर अंकुरतांना ती दुरुस्त करण्याची सामग्री बीजाणूपाशीं तयार असते.

याचें प्रत्यंतर स्कॉटलंडजवळील ग्रुइनार्ड बेटावर आलें. १९४२ सालीं ब्रिटिश सरकारनें तेथें मेंढ्यांवर या बीजाणूंचे युद्धोपयोगी प्रयोग केले. पुढें चाळीस वर्षांहून अधिक काळ जमीन दूषितच राहिली. १९८६ सालीं सुमारें २८० टन फॉर्मॅल्डिहाइड समुद्राच्या पाण्यांत मिसळून शिंपडावें लागलें. बेट निर्धोक ठरलें तें १९९० सालीं! फिनेल तर या बीजाणूंस मारीतच नाहीं.

तेव्हां बीजाणू बनूंच न देणें हाच खरा उपाय. जनावर एकाएकीं मेलें व नाकागुदद्वारांवाटें न गोठणारें काळसर रक्त आलें, तर प्रेत फाडूं नये, कातडें काढूं नये, मांस खाऊं नये. हा रोग माणसांसही होतो. पशुवैद्यास ताबडतोब कळवावें व त्याच्या सल्ल्यानें प्रेत, रक्तानें भिजलेली माती व चारा जाळावा. तें न साधल्यास खोल पुरावा. जेथें हा रोग पूर्वीं झाला असेल, तेथें पावसाळ्यापूर्वीं दरवर्षीं लस टोंचून घ्यावी. कातड्याच्या चार पैशांसाठीं आपलें शिवार पिढ्यान्‌पिढ्या विषारी करूं नये, एवढीच आमची विनंती आहे.