कासवाच्या टाकीला वास का येतो?

सोमवारी टाकी रिकामी केली, काच घासली, खडे धुतले, ताजं पाणी भरलं. बुधवारी पाणी गढूळ. गुरुवारी घरातून ठरलेला प्रश्न, "कसला वास सुटलाय?" मग टाकी पुन्हा अंगणात. घरी कासव पाळलं असेल तर हे चक्र तुम्हाला पाठ असेल. त्यात तुम्ही वैरागला राहात असाल, तर नळाला पाणी कधी येणार याचं गणित घरातल्या सगळ्यांना तोंडपाठ, आणि तुम्ही मात्र दर दोन दिवसांनी दोन बादल्या गटारात ओतताय. बोलणी बसणारच!

यावर घरातली मोठी माणसं हमखास एक दाखला देतात. "आमच्या विहिरीत कासव होतं, पाणी कसं आरशासारखं असायचं. कासव पाणी स्वच्छ ठेवतं." जुन्या विहिरींत कासव सोडायची पद्धत आपल्या भागात होती हे खरं. पण जरा हिशेब करून बघा. वीस फूट व्यासाच्या विहिरीत दहा फूट पाणी असेल तर ते होतं जवळपास ८९ हजार लिटर. तुमची टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. काठोकाठ भरली तरी ५६ लिटर, आणि आपण भरतो अर्धीच, म्हणजे २८. विहिरीतल्या कासवाला तुमच्या कासवाच्या तीन हजार पट पाणी होतं! शिवाय कपारीतलं शेवाळ, मासे, झरे आणि दगडांवर वाढलेले जिवाणू. पाणी निर्मळ ठेवायचे ते हे सगळे. कासव तिथंही घाणच करत होतं, फक्त ती दिसत नव्हती.

आता टाकीत नेमकं काय होतं ते बघू. कासवाची विष्ठा, लघवी आणि उरलेलं खाणं कुजून अमोनिया तयार होतो. तो दिसत नाही, म्हणून दिसायला नितळ असलेलं पाणीही विषारी असू शकतं. एका जातीचे जिवाणू या अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट त्यामानाने बरंच कमी घातक. शेतात युरिया टाकल्यावर मातीत जे घडतं, तेच इथं काचेत. पण हे जिवाणू पाण्यात तरंगत नसतात. ते खड्यांवर, काचेवर आणि सगळ्यात जास्त फिल्टरच्या स्पंजात घर करतात. त्यांची वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आणि आपण काय करतो? दर सोमवारी साबण आणि ब्रश घेऊन ती वस्ती उठवतो. म्हणजे टाकीला वास येतो तो कमी धुतल्यामुळे नाही, बऱ्याचदा जास्त धुतल्यामुळे येतो.

यात सोसतं कोण? मासा असता तर दोन दिवसांत मरून त्याने तुम्हाला सांगितलं असतं. कासव हवेतून श्वास घेतं, त्यामुळे ते घाण पाण्यात महिनोन्‌महिने तग धरतं. डोळे सुजतात, कवचावर मऊ, वास येणारे डाग पडतात, ते खाणं सोडतं. "थंडीमुळे असेल" म्हणत आपण दिवस काढतो. डोळे सुजायला 'अ' जीवनसत्त्वाची कमतरता हेही कारण असतं, त्यामुळे घरगुती औषधं न घालता थेट पशुवैद्यकाकडे न्या.

तर करायचं काय? आधी टाकी मोठी. कवचाच्या दर इंचामागे साधारण ४० लिटर पाणी, असा पाळणाऱ्यांचा ठोकताळा आहे. चार इंची कासवाला १५०-१६० लिटर. ऐकून घाबरू नका, कारण खरी गंमत इथेच आहे. २८ लिटरची टाकी दर दोन दिवसांनी पूर्ण बदलली तर महिन्याला ४२० लिटर पाणी जातं. १५० लिटरची टाकी, चांगला फिल्टर आणि आठवड्याला फक्त पाव भाग पाणी बदललं, तर लागतात १५० लिटर. मोठ्या टाकीला पाणी कमी लागतं! घरच्यांना पटवायला हा आकडा पुरेसा आहे.

फिल्टर घेताना डब्यावर लिहिलेल्या क्षमतेला भुलू नका. ती माशांसाठी असते. कासवाला टाकीच्या दुप्पट-तिप्पट क्षमतेचा लागतो. महाग वाटत असेल तर जुगाड आहे. कूलरचा छोटा पंप इलेक्ट्रिकच्या कुठल्याही दुकानात मिळतो. झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात स्पंज आणि विटांचे धुतलेले तुकडे भरायचे, पंपाने पाणी त्यातून फिरवायचं आणि परत टाकीत सोडायचं. वीट सच्छिद्र असते, जिवाणूंना तेच हवं. वायर कासवाच्या तोंडाला लागणार नाही असं बघा, आणि पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढा. ही सूचना वाचून सोडून देऊ नका. स्पंज धुवायचा तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात, पिळून. नळाच्या क्लोरीनच्या पाण्याखाली धरला की जिवाणू खलास. भरायचं पाणीही उघड्या बादलीत एक दिवस ठेवून मगच ओता, तेवढ्यात क्लोरीन उडून जातो.

लोडशेडिंगचं काय? पंप तास-दोन तास बंद राहिला तर फारसं बिघडत नाही. बंद डब्याचा फिल्टर चार-सहा तास थांबला, की आतला प्राणवायू संपून जिवाणू मरू लागतात आणि वीज आल्यावर ती सगळी घाण टाकीत येते. अशा वेळी आधी डबा उघडून आतलं पाणी फेका, मगच पंप सुरू करा.

आपल्याकडे आणखी एक भानगड आहे, बोअरचं पाणी आणि उन्हाळा. बोअरच्या जड पाण्याने काचेवर पांढरा थर बसतो, तो काही कासवाला त्रास देत नाही. पण असं पाणी सहसा अल्कधर्मी असतं, आणि पाणी जितकं अल्कधर्मी व गरम, तितका त्यातला अमोनिया जास्त विषारी. वर एप्रिल-मेमध्ये सोलापूर जिल्ह्यात पारा ४२च्या पुढे जातो, आणि टाकी पत्र्याच्या खोलीत. या दिवसांत टाकी थंड खोलीत हलवा आणि खाणं आवरतं घ्या. कासवाला २६-२८ अंशांचं पाणी मानवतं.

खाण्यावरून आठवलं, सर्वात स्वस्त फिल्टर म्हणजे घमेलं. कासवाला वेगळ्या घमेल्यात पाणी घेऊन वीस-पंचवीस मिनिटं तिथंच खाऊ घाला, मग टाकीत सोडा. निम्मी घाण टाकीत पोचतच नाही. पोळी, भात, फरसाण अजिबात नको.

काढलेलं पाणी नायट्रेटचं असतं, म्हणजे खतच. जास्वंदीला, पेरूला घाला. कोथिंबीर-मेथीला मात्र नको, कारण कासवाच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतो. तुळशीला घालाल तर आजी ओरडेल आणि यावेळी तिचं बरोबरच असेल. अमेरिकेत याच जिवाणूमुळे १९७५पासून चार इंचांहून लहान कासवं विकायला बंदी आहे. तेव्हा टाकीची भांडी मोरीत वेगळी धुवा, स्वयंपाकघरात नको, आणि हात साबणाने धुवा.

आता एक अडचणीचा प्रश्न. तुमच्या टाकीत आहे ते कासव कुठलं? शेतातल्या विहिरीतून किंवा ओढ्यातून आणलेलं असेल, तर ते पाळणं गुन्हा आहे. आपल्याकडचं मऊ पाठीचं कासव आणि चांदणी कासव, दोन्ही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. शिक्षा तीन ते सात वर्षं आणि किमान २५ हजार दंड. 'शुभ असतं' हे कोर्टात चालत नाही. वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा.

डोळ्यामागे लाल पट्टा असेल, तर ते रेड-इअर्ड स्लायडर, मूळचं अमेरिकेतलं. ते जगातल्या १०० सर्वात घातक घुसखोर जातींच्या यादीत आहे. युरोपीय संघाने त्याची आयात १९९७मध्येच थांबवली. आपल्या देशात ते गुवाहाटीच्या उग्रतारा मंदिराच्या तळ्यात आणि केरळात त्रिशूरच्या कालव्यात सापडलंय. ते तिथं चालत गेलेलं नाही. पाणी बदलून कंटाळलेल्या कुणीतरी सोडलेलं आहे. वैरागला सोडलं तर भोगावतीतून सीना, सीनेतून भीमा, वाट मोकळीच आहे. तिथल्या आपल्या कासवांचं खाणं आणि उन्हाला बसायची जागा ते बळकावणार.

दुकानात दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा जरा मोठं दिसणारं ते पिल्लू वाढून ताटाएवढं होतं आणि वीस-तीस वर्षं जगतं. म्हणजे तुमची डिग्री, नोकरी, लग्न, बदली, सगळं त्याच्या हयातीत. विकत घेण्याआधी घरात टेप लावून चार फुटांची टाकी कुठं बसते ते मोजा, आणि परीक्षेच्या दिवसांत स्पंज कोण पिळणार हेही घरच्यांना आत्ताच विचारून ठेवा.