एका वजाबाकीची किंमत

धान्याच्या पेढीत पोत्यावरील चिठ्ठी व वहीतील नोंद यांत शेरभराचा फरक आढळला, तरी तो दिवेलागणीपूर्वी शोधून काढावा, असा आमच्या तीर्थरूपांचा दंडक होता. रात्र उलटली की चूक मुरते, असे ते म्हणत. मालाच्या बाबतीत हा दंडक आम्ही जन्मभर पाळला. घरातील माणसांच्या नोंदींच्या बाबतीत मात्र पाळला नाही. त्याचे फळ काय मिळाले, ते सभासद बंधुभगिनींपुढे मांडण्यासाठी हा लेखनप्रपंच.

आपल्या समाजातील पुष्कळ घरांतील मुले आज अमेरिकेत नोकरीस आहेत. नोकरीच्या आधारे तेथे कायमच्या वास्तव्याची परवानगी मिळवावयाची तर सामान्यतः तीन पायऱ्या चढाव्या लागतात. या जागेस योग्य असा स्थानिक मनुष्य मिळत नाही, असा दाखला मालकाने प्रथम तेथील श्रमखात्याकडून मिळवावयाचा. तो अर्ज ज्या दिवशी दाखल होतो, ती उमेदवाराची पाळीची तारीख. पुढे मालकाचा आय-१४० हा अर्ज, आणि पाळी आल्यावर उमेदवाराचा स्वतःचा आय-४८५. १९९० च्या कायद्यान्वये अशा जागा वर्षाला सुमारे १,४०,०००. त्यांतच बायकामुलेही मोजावयाची. आणि कोणत्याही एका देशास सामान्यतः शेकडा ७ हून अधिक वाटा नाही. त्यामुळे आपल्या लोकांची रांग वर्षानुवर्षे हलत नाही. कोणाची पाळी आली, हे तेथील परराष्ट्रखाते दरमहा पत्रक काढून जाहीर करते.

आमच्या थोरल्या बंधूंचा मुलगा या रांगेत २००६ च्या डिसेंबरात, तिसऱ्या श्रेणीत, उभा राहिला. जून २००७ च्या मध्यास त्याचा दूरध्वनी आला. "काका, जुलैत जवळजवळ सर्वांना अर्ज करण्यास मोकळीक दिली आहे. जन्माचा दाखला तेवढा त्वरेने पाठवा."

दाखला काढावयास गेलो, तो दोन गोष्टी उघड झाल्या. मुलाचा जन्म आजोळी, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, नंदुरबारनजीकच्या एका खेड्यात झालेला. तेथील नोंदीत त्याचे नावच नव्हते. नुसते 'मुलगा' एवढेच लिहिलेले. दुसरी गोष्ट अधिक गंभीर होती. नोंदीत जन्मसाल १९७६, तर शाळेच्या दाखल्यावर व त्यावरून काढलेल्या पारपत्रावर १९७५!

ही चूक कोणाची? शाळेत नाव घालण्यास त्याला आम्हीच नेले होते. तीर्थरूपांच्या वहीत जन्म संवत २०३२, आषाढ असा लिहिलेला. संवतातून ५७ वजा करावयाचे एवढेच आम्हांस ठाऊक. गुजराती संवत कार्तिकात बदलतो. म्हणून कार्तिकापासून डिसेंबरअखेर ५७ आणि जानेवारीपासून दिवाळीपर्यंत ५६ वजा करावयाचे, हे व्यापाऱ्याच्या पोराने विसरावे, यापरती लाज कोणती? त्या वजाबाकीवर हेडमास्तरांची सही झाली आणि चूक मुरली.

यानंतर आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा निघाला. एक कचेरी म्हणे जुनी दप्तरे धुळ्यास. धुळ्याची कचेरी म्हणे नंदुरबारास. ताप्तीकाठच्या गाडीने आम्ही किती खेपा घातल्या, याचा हिशोब ठेवला नाही. शेवटी नोंद सापडली, नाव चढले. दोन वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे करावयाची, त्यांतील एक आमचे. सोबत तीर्थरूपांच्या रोजमेळाचे ते पान भाषांतरासह जोडले. त्यावर त्यांच्या हातचे लिहिलेले होते, 'नातू झाला, साखर वाटप.'

इकडे तिकडचा घोळही काही लहान नव्हता. २ जुलै २००७ रोजी अमेरिकेच्या परराष्ट्रखात्याने जुलैचे पत्रक फिरविले आणि नवे अर्ज घेतले जाणार नाहीत असे जाहीर झाले. हजारो लोकांनी वकिलांचे शुल्क भरले होते, वैद्यकीय तपासण्या करून घेतल्या होत्या. तेव्हा तेथील आपल्या तरुणांनी दगड उचलला नाही. १० जुलै रोजी त्यांनी इमिग्रेशन खात्याचे संचालक एमिलिओ गोन्झालेझ यांच्या कचेरीत शेकडो पुष्पगुच्छ पाठविले. आदल्या वर्षीच्या 'लगे रहो मुन्नाभाई' या बोलपटातील गांधीगिरीचे ते अनुकरण होते. संचालकांनी ती फुले वॉल्टर रीड येथील जखमी सैनिकांकडे धाडली. १७ जुलै रोजी खात्याने निर्णय फिरविला आणि १७ ऑगस्टपर्यंत अर्ज स्वीकारण्याचे ठरले.

आम्हां सुरतकरांना यात नवल वाटू नये. १८४८ साली सरकारने बंगालची वजनेमापे या शहरावर लादू पाहिली, तेव्हा येथील लोकांनी बहिष्काराचा शांत मार्ग धरून तो बेत मागे घ्यावयास लावला होता. सरकारची चूक समाजाला एकजुटीने दुरुस्त करून घेता येते. घरची चूक मात्र ज्याची त्यानेच निस्तरावी लागते.

आमचे कागद २२ ऑगस्टला पोहोचले. पाच दिवस उशीर! विसंगत कागद पाठविण्यास त्याचा वकील तयार नव्हता, म्हणून अर्ज खोळंबला होता. ज्यांचे अर्ज त्या महिन्यात गेले, त्यांना पाळी येईपर्यंत नोकरी बदलण्याची व परवानगी काढून मायदेशी जाऊन येण्याची वाट मोकळी झाली. आमचा पुतण्या एकाच मालकाकडे अडकून राहिला. २०११ साली थोरले बंधू निवर्तले, तेव्हा त्याचा मुदतवाढीचा अर्ज अनिर्णीत होता. देश सोडला तर परत शिरता येईल याची शाश्वती नव्हती. बायकोमुलांना तेथे टाकून तो येऊ शकला नाही. अग्नी आम्ही दिला.

त्याची पाळी २०१८ साली आली आणि पुढील वर्षी कार्ड हाती पडले. त्या वर्षीच्या संवत्सरीस आम्ही त्याला सर्व खुलासा करून 'मिच्छामि दुक्कडम्' म्हटले. तो एवढेच म्हणाला, "काका, रोजमेळाचे ते पान मला पाठवा. बापूजींचे अक्षर मुलांना दाखवायचे आहे."

अनुभवातून सुचलेल्या चार गोष्टी सांगून पुरे करतो. मुलाचे व आईबापांचे नाव जन्मदाखला, शाळा व पारपत्र यांत अक्षरशः एकच असावे. पारपत्रात आडनावाचा रकाना रिकामा ठेवू नये. अमेरिकेत महिना आधी व दिवस नंतर लिहितात. म्हणून महिना नेहमी अक्षरी लिहावा. जन्मनोंदीत नाव चढविणे राहिले असेल, तर आजच जाऊन चढवावे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या बालकांना तर शाळाप्रवेशासाठी व पारपत्रासाठी हाच दाखला जन्मतारखेचा पुरावा म्हणून लागणार आहे.

येत्या दिवाळीस चोपडापूजन करताना प्रत्येक पेढीने एक पान घरच्या माणसांच्या नावे राखावे, ही विनंती. त्यावर तिथी लिहावी, इंग्रजी तारीखही लिहावी, आणि वजाबाकी दुसऱ्याकडून तपासून घ्यावी.