राडा करणारी पोरं महागडे ब्रँड का घालायला लागली? इंग्लिश फुटबॉलचं 'कॅज्युअल' कल्चर आणि अवे फॅनने काय सांभाळायचं

इन्स्टाग्रामवर फुटबॉलचे रील्स बघत असाल तर एक लूक हमखास दिसला असेल. पायात अदिदासचे जुन्या मॉडेलचे शूज, गळ्यापर्यंत चेन ओढलेलं जॅकेट, डाव्या दंडावर होकायंत्राचा बॅज. टीमची जर्सी नाही, मफलर नाही. खाली एकच हॅशटॅग असतो, कॅज्युअल्स.

आपल्याकडे अनेकांना ही नुसती फॅशन वाटते. आता ती बऱ्यापैकी फॅशनच झालीये. पण या लूकची सुरुवात झाली ती पोलिसांच्या नजरेतून सुटायला. आणि ज्यांच्या डोक्यातून ती आयडिया निघाली ते सगळे अवे फॅन होते, म्हणजे आपली टीम दुसऱ्याच्या गावात खेळायला गेली की तिच्या मागोमाग जाणारे.

विषय समजून घ्यायचा तर सत्तरच्या दशकातल्या इंग्लंडमध्ये जावं लागतं.

तेव्हा अवे मॅचला जायला 'फुटबॉल स्पेशल' नावाच्या स्वस्त ट्रेन सुटायच्या. ट्रेन स्टेशनात शिरली की प्लॅटफॉर्मवर पोलीस उभेच. सगळ्यांना घोळक्याने मैदानापर्यंत चालवत न्यायचं, अवे स्टँडमध्ये कोंडायचं आणि मॅच संपली की परत ट्रेनमध्ये बसवायचं. कोणावर लक्ष ठेवायचं हेही पोलिसांना पाठ झालेलं. डोक्याचा गोटा, पायात डॉक्टर मार्टेन्सचे जाडजूड बूट आणि गळ्यात क्लबचा मफलर दिसला की पोरगं बाजूला काढायचं. मफलर बघून पोलीस ओळखायचे तसे समोरच्या टीमचे फॅनही ओळखायचे. म्हणजे मार दोन्हीकडून.

मग काही पोरांनी साधा विचार केला. मफलर घरी ठेवायचा, स्पेशल ट्रेनऐवजी नेहमीची तिकिटाची ट्रेन पकडायची आणि कपडे असे घालायचे की बघणाऱ्याला वाटावं, हा टेनिस खेळून घरी चाललाय.

टेनिसच का?

कारण ब्रँडच टेनिसचे होते. फिला, सर्जिओ टाकिनी, लाकोस्ट, एलेसे. हे कपडे ब्रिटनच्या साध्या दुकानांत सहज मिळत नव्हते, आणि इथे लिव्हरपूलचा संबंध येतो. १९७७ ते १९८४ या काळात लिव्हरपूलने चार वेळा युरोपियन कप जिंकला. टीम दरवर्षी युरोपात खेळायची, फॅनही मागे जायचे. जर्मनी, स्वित्झर्लंड, फ्रान्स, इटलीतल्या दुकानांत त्यांना असे शूज आणि ट्रॅक टॉप दिसले जे लिव्हरपूलमध्ये कोणी पाहिलेही नव्हते. काहींनी विकत घेतले, बऱ्याच जणांनी सरळ उचलले. त्या पिढीतल्या लोकांनी हे नंतर स्वतःच सांगितलंय, त्यात कोणाला लाज वाटलेली दिसत नाही.

लिव्हरपूलच्या या पोरांना 'स्कॅली' म्हणायचे, मँचेस्टरच्या पोरांना फ्रेड पेरीच्या टी-शर्टवरून 'पेरी बॉईज'. लंडनवाले म्हणतात आम्हीही त्याच वेळी सुरू केलं होतं. पहिलं कोण, हा वाद आजही मिटलेला नाही. 'कॅज्युअल' हे नाव नंतर सगळ्यांनाच चिकटलं आणि ऐंशीच्या दशकात स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनपर्यंत पोहोचलं.

गंमत म्हणजे इथून पुढे मारामारीइतकीच चुरस कपड्यांवरून लागली. या शनिवारी समोरच्या पोरांच्या पायात कुठले शूज आहेत ते बघायचं आणि पुढच्या मॅचला त्यांनी नावही ऐकलं नसेल असं काहीतरी घालून जायचं. बेरोजगारी वाढत असलेल्या शहरांतली ही पोरं अंगावर आठवड्याच्या पगाराएवढा स्वेटर घालून फिरत होती.

पण याला नुसतं स्टाईलचं प्रकरण म्हणून सोडून देता येत नाही. या पोरांच्या टोळ्या होत्या, त्यांना 'फर्म' म्हणायचे. वेस्ट हॅमच्या फर्मचं नावच 'इंटर सिटी फर्म', कारण ते स्पेशल ट्रेन सोडून इंटरसिटी ट्रेनने जायचे. मारहाण केल्यावर छापील व्हिजिटिंग कार्ड मागे टाकून जाण्याबद्दल ही फर्म कुप्रसिद्ध होती. एलायजा वूडचा २००५ चा 'ग्रीन स्ट्रीट' हा सिनेमा वेस्ट हॅमच्याच फर्मवर बेतलेला आहे. रील्सवर दिसणारे बरेच सीन त्यातले असतात. त्यात मारामारी फार देखणी दिसते. प्रत्यक्षात काय झालं ते १९८५ या एका वर्षात बघता येतं.

मार्चमध्ये ल्युटनच्या मैदानात मिलवॉलच्या फॅन्सनी खुर्च्या उपटून फेकल्या. ल्युटन क्लब इतका वैतागला की त्याने १९८६ पासून चार सीझन अवे फॅनना बंदीच घातली. ११ मे रोजी बर्मिंगहॅम विरुद्ध लीड्स मॅचला दंगल झाली, त्यात भिंत कोसळून १५ वर्षांच्या एका मुलाचा जीव गेला. २९ मे रोजी ब्रसेल्सच्या हायसेल स्टेडियममध्ये लिव्हरपूलचे फॅन युव्हेंट्सच्या बाजूच्या प्रेक्षकांवर धावून गेले. पळापळ झाली, भिंत पडली आणि ३९ माणसं मेली, त्यातली बहुतेक इटालियन. त्यानंतर इंग्लिश क्लबना पाच वर्षं युरोपात खेळायला बंदी होती, लिव्हरपूलला सहा.

या सगळ्याचा एक वाईट परिणाम असा झाला की पोलिसांना प्रत्येकच फॅन गुंड दिसायला लागला. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानात गर्दीत चेंगरून लोक मेले. मृतांचा आकडा पुढे ९७ झाला. पोलिसांनी खापर लिव्हरपूलच्या फॅनवर फोडलं. ते खोटं होतं, हे मान्य व्हायला दोन दशकांहून जास्त काळ गेला. २०१६ मध्ये ज्युरीने सांगितलं की फॅन्सची चूक नव्हती, पोलिसांची होती. हिल्सबरोला हूलिगन्सच्या यादीत टाकणारे रील आजही फिरतात. तसं रील दिसलं तर ते बनवणाऱ्याला काही माहीत नाही असं समजावं.

लपायला घातलेले कपडेच ओळखपत्र झाले

पोलिसांनाही डोळे होतेच. काही वर्षांत त्यांना कळलं की मफलर नसलेला, महागडा स्वेटर घातलेला घोळका म्हणजे कोण. लपण्यासाठी निवडलेला वेश पुन्हा गणवेश झाला.

आज हे सगळ्यात जास्त लागू होतं ते स्टोन आयलंडला. मासिमो ओस्ती या इटालियन डिझायनरने १९८२ मध्ये हा ब्रँड सुरू केला. दंडावरचा तो बॅज बटणांनी लावलेला असतो, त्यामुळे काढता येतो, आणि मॅचच्या दिवशी काही जण तो काढून खिशात ठेवतात. ब्रिटनमधल्या काही पबनी असे ठरावीक ब्रँड घालून येणाऱ्यांना दारातच अडवलंय. बर्बेरीच्या चौकडी कापडाचं तर इतकं नाव खराब झालं की कंपनीने २००४ च्या सुमारास त्या डिझाइनची बेसबॉल कॅप बनवणंच थांबवलं.

म्हणजे ब्रिटनमध्ये शिकायला गेलेला पुण्या-नाशिकचा मुलगा हौसेने सेकंडहँड स्टोन आयलंड जॅकेट घालून अवे मॅचला गेला, तर तिथले पोलीस आणि तिथली पोरं दोघंही त्याच्याकडे दुसऱ्यांदा वळून बघू शकतात. त्याला बिचाऱ्याला वाटणार आपण भारी दिसतोय.

मग अवे मॅचला जायचंच नाही का?

बिनधास्त जायचं. आजचं इंग्लंड १९८५ चं इंग्लंड नाही. सीसीटीव्ही आहेत, बसायला खुर्च्या आहेत, दोन्हीकडचे फॅन वेगळे बसतात. लाखो लोक दर आठवड्याला जातात आणि सुखरूप घरी येतात. आवाज तर अवे स्टँडचाच सगळ्यात मोठा असतो.

आपल्याकडच्या लोकांची खरी अडचण सुरू होते तिकिटापासून. प्रीमियर लीगमध्ये पाहुण्या क्लबला साधारण ३,००० तिकिटं मिळतात, मैदान लहान असेल तर क्षमतेच्या १० टक्के. २०१६-१७ पासून या तिकिटाला ३० पाउंडांची मर्यादा घातली गेली. स्वस्त आणि थोडी, त्यामुळे ती वर्षानुवर्षं मॅचला जाणाऱ्या मेंबरनाच मिळतात. नवख्या माणसाच्या हाती लागतं ते होम स्टँडचं तिकीट, तेही एखाद्या रीसेल साइटवरून किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवरून. इंग्लंड-वेल्समध्ये फुटबॉलचं तिकीट परवानगीशिवाय विकणं १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. असं तिकीट क्लब रद्द करू शकतो. मग शेकडो पाउंड देऊन गेटबाहेर उभं राहायची वेळ येते.

आणि तिकीट चाललंच, तर तुम्ही बसलाय समोरच्या टीमच्या लोकांत.

इथे काय होऊ शकतं ते आपल्याच लीगमधल्या एका मॅचवरून समजेल. २४ एप्रिल २०२४, आयएसएल सेमीफायनल, फातोर्डा. नव्वदाव्या मिनिटाला एफसी गोवा २-० ने पुढे होती आणि तिथून मुंबई सिटीने तीन गोल मारून मॅच ३-२ ने नेली. आता कल्पना करा, तुम्ही गोव्याच्या फॅन्सच्या मधोमध बसलाय, अंगात मुंबईची आकाशी जर्सी आहे आणि तिसरा गोल होतो. अशा क्षणी उडी मारायची की नाही, हे आपल्या हातात राहत नाही. इंग्लिश मैदानांच्या नियमांत होम स्टँडमध्ये पाहुण्या टीमचा फॅन ओळखू आला तर त्याला बाहेर काढता येतं. बऱ्याचदा ते त्याच्याच भल्यासाठी असतं.

फॅन वेगळे का बसवायचे, याचं उत्तर कोलकात्याकडेही आहे. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर ईस्ट बंगाल आणि मोहन बागानचे फॅन एकाच स्टँडमध्ये होते. भांडण पेटलं, चेंगराचेंगरी झाली आणि १६ जण गेले. कोल्हापूरकरांना तर हे वेगळं सांगायलाच नको. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, शिवाजी, दिलबहार अशा नावांमागे अख्खी पेठ उभी असते आणि ईर्षा वाढली की पोलीस बंदोबस्तही वाढतो.

तर अवे जाणारे जुने लोक करतात काय? जर्सी घालतात, पण वरून साधं, बिनाबॅजचं जॅकेट. मैदानात आपल्या स्टँडमध्ये शिरल्यावर चेन उघडायची, बाहेर पडताना परत लावायची. बऱ्याच पबच्या दारावर 'फक्त होम फॅन' असा बोर्ड असतो, तिथे हुज्जत घालायची नाही. अवे फॅनना कुठला पब चालतो हे बऱ्याचदा क्लबच्या वेबसाइटवरच लिहिलेलं असतं. मैदानाबाहेर कोणी सहज विचारावं तसं 'किती वाजले?' किंवा 'कुठला रे तू?' विचारलं, तर प्रश्न वेळेचा नसूही शकतो. उच्चारावरून गाव ओळखायची ती जुनी युक्ती आहे. आपला भारतीय उच्चार इथे उलट कामाला येतो, कारण त्यावरून टीम कळत नाही.

सगळ्यात नाजूक जागा म्हणजे मॅचनंतरचं स्टेशन आणि तिथे जाणारा रस्ता. पोलीस घोळका घेऊन चालले असतील तर त्यात राहायचं. गल्लीतून शॉर्टकट मारायची हुशारी नको. आणि लांब कुठे धक्काबुक्की दिसली की मोबाइल काढून पुढे जायचं नाही. कारण व्हिडिओ काढणारा त्या घोळक्यातच धरला जातो.

कायद्याच्या काही गोष्टी आपल्या लोकांना माहीत नसतात. इंग्लंडमध्ये मैदान दिसेल अशा जागी बसून दारू पिता येत नाही. फॅन घेऊन जाणाऱ्या खास बसमध्येही दारू चालत नाही. धुराची नळकांडी किंवा फ्लेअर घेऊन मैदानात शिरणं गुन्हा आहे. गोल झाला म्हणून मैदानात धावत जाणं हाही गुन्हा आहे, रील कितीही व्हायरल होऊ दे.

बाकी युरोपात नियम बदलतात. इटलीत तिकिटावर नाव असतं आणि गेटवर ओळखपत्र दाखवावं लागतं. गोलमागच्या 'कुर्वा' स्टँडवर अल्ट्रा गटांचं राज्य असतं, नवख्याने तिथलं तिकीट घेऊ नये. नेदरलँड्समध्ये काही मॅचला अवे फॅनने क्लबच्या ठरलेल्या बसनेच यायचं असा नियम असतो. आणि धोका फक्त मॅचच्या दिवशी असतो असंही नाही. ५ एप्रिल २००० रोजी इस्तंबूलमध्ये लीड्सच्या दोन फॅनचा भोसकून खून झाला, मॅच दुसऱ्या दिवशी होती. अर्जेंटिनाने तर २०१३ पासून अनेक वर्षं अवे फॅनना मैदानात घेणंच बंद केलं होतं.

राड्यात सापडलं तर इंग्लंड-वेल्समध्ये कोर्ट 'फुटबॉल बॅनिंग ऑर्डर' काढू शकतं. ती तीन ते दहा वर्षांची असते. तेवढा काळ मॅच बंद, आणि टीम परदेशात खेळत असेल तेव्हा पासपोर्ट पोलिसांकडे जमा करायचा. बाहेरून शिकायला गेलेल्यांना त्यावर व्हिसाचं टेन्शन वेगळं, कारण अर्जात गुन्ह्यांची माहिती द्यावी लागते. २०२२ मध्ये यात ऑनलाइन द्वेषाचे गुन्हेही आणले गेले. त्यामुळे मॅच हरल्यावर रात्री एखाद्या खेळाडूच्या रंगावरून केलेल्या कमेंटसाठीही आता स्टेडियमचं दार बंद होऊ शकतं.