कोलेस्ट्रॉलची गोळी : बंद करण्याआधी नोंद ठेवा

वडिलांची अँजिओप्लास्टी झाली. घरी सोडताना डॉक्टरांनी रोज घ्यायची कोलेस्ट्रॉलची गोळी लिहून दिली. दोन महिन्यांनी मांड्या दुखू लागल्या. त्यातच मोबाईलवर मेसेज आला, ‘ही गोळी लिव्हर खराब करते.’ वडिलांनी गोळी बंद केली आणि डॉक्टरांना सांगितलेही नाही. आपल्या वस्त्यांमध्ये असे अनेक घरांत घडते. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या किंवा स्टेंट बसवलेल्या माणसाने ही गोळी परस्पर सोडली, तर दुसऱ्या अटॅकचा धोका वाढतो.

ही गोळी म्हणजे बहुधा अ‍ॅटोरव्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन. या औषधांना स्टॅटिन म्हणतात. यकृतात कोलेस्ट्रॉल तयार होण्याची प्रक्रिया ती मंदावतात, त्यामुळे रक्तातले ‘एलडीएल’ कमी होते. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांना १९७० च्या दशकात बुरशीमध्ये पहिले स्टॅटिन सापडले. १९८७ पासून ही औषधे वापरात आहेत. म्हणजे त्यांचे फायदे आणि त्रास, दोन्हींचा भरपूर अनुभव आहे.

लक्ष कशावर ठेवायचे?

स्नायू : दोन्ही मांड्या, पोटऱ्या किंवा खांदे दुखणे, गोळे येणे, जिना चढताना पायांत बळ नसणे. हे डॉक्टरांना सांगा. गरज वाटल्यास ते रक्तातील सीपीके तपासतात. थायरॉईड किंवा ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता हेही कारण असू शकते. पण तीव्र दुखणे, अशक्तपणा आणि कोऱ्या चहासारखी गडद लघवी दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. स्नायू झिजून मूत्रपिंडावर ताण येण्याचा हा प्रकार अतिशय दुर्मीळ, पण गंभीर आहे.

यकृत : गोळी सुरू करण्यापूर्वी एसजीपीटी तपासतात. नंतर डोळे पिवळे होणे, भूक मरणे, खूप थकवा येणे अशी लक्षणे दिसल्यास पुन्हा तपासणी हवी.

साखर : मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची साखर थोडी वाढू शकते. ती तपासत राहा. हृदयाचा धोका असलेल्यांना गोळीचा फायदा यापेक्षा मोठा असतो.

इतर औषधे : गजकर्णासाठी दिले जाणारे इट्राकोनॅझोल किंवा क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक काही स्टॅटिनचे रक्तातील प्रमाण वाढवते. म्हणून कोणत्याही डॉक्टरकडे जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्या. गर्भधारणेचा विचार असेल तर आधीच सांगा.

गोळी सुरू केल्यावर साधारण ४ ते १२ आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल करून घ्यावे.

त्रास गोळीचा की भीतीचा?

२०२० मध्ये इंग्लंडमधील एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना काही महिने खरी गोळी, काही महिने तशीच दिसणारी नकली गोळी दिली, तर काही महिने काहीच दिले नाही. खऱ्या गोळीने जाणवलेल्या त्रासापैकी सुमारे ९० टक्के त्रास नकली गोळीनेही जाणवला. दुखणे खोटे नव्हते, पण त्याचे कारण बहुतेक वेळा औषध नव्हते. हे समजल्यावर निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली.

विनयपिटकातील महावग्गात सेवा करण्यास सोपा रुग्ण कसा असतो, हे तथागतांनी सांगितले आहे. तो औषध घेतो आणि आजार वाढतो आहे, कमी होतो आहे की तसाच आहे, हे शुश्रूषा करणाऱ्याला जसेच्या तसे सांगतो. आपल्यालाही हेच करायचे आहे. एका वहीत लिहा : गोळीचे नाव, किती मिलिग्रॅम, सुरू केल्याची तारीख, काय दुखते, कधीपासून, दुसरे कोणते औषध चालू आहे. ही वही पाहून डॉक्टर डोस कमी करू शकतात, काही दिवस गोळी थांबवून पाहू शकतात किंवा दुसरे औषध देऊ शकतात.

औषधाचा दुष्परिणाम कळवण्यासाठी केंद्र सरकारच्या औषधसुरक्षा कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा टोल फ्री क्रमांक आहे. रुग्ण स्वतःही तक्रार नोंदवू शकतो.

तरुणांनो, येत्या रविवारी वंदनेनंतर विहारात दहा मिनिटे काढा. वाचता न येणाऱ्या आजी-आजोबांच्या गोळ्यांची नावे वहीत उतरवून द्या. पुढच्या तपासणीला त्यांच्यासोबत जा. फॉरवर्ड आलेला मेसेज डॉक्टरांना दाखवा, विचारा, खात्री करा आणि मगच ठरवा.