पोपच्या नावाचं गाव, शेतकऱ्यांच्या नियमांची वाइन

शातोनफ-द्यु-पाप हे नाव देवनागरीत वाचलं की शेवटच्या शब्दापाशी मराठी माणूस अडखळतोच. फ्रेंचमध्ये 'पाप' म्हणजे पोप आणि 'शातोनफ' म्हणजे नवा किल्ला. दक्षिण फ्रान्समध्ये ऱ्होन नदीच्या खोऱ्यात, आविन्यों आणि ऑरांज या शहरांच्या मधे हे छोटं गाव आहे. इथल्या रेड वाइनचं नाव जगभर घेतलं जातं. तिच्याविषयीच्या समजुती मात्र तपासून घ्यायला हव्यात, कारण त्यांच्या गर्दीत या गावाची खरी कर्तबगारी झाकली गेली आहे.

पहिली समजूत अशी, की ही पोपची वाइन आहे आणि सहाशे-सातशे वर्षं याच नावानं ती विकली जाते. यातलं निम्मं खरं आहे. 1309 मध्ये पोप पाचवा क्लेमेंट आविन्योंला आला आणि पुढची सुमारे सत्तर वर्षं पोपचा दरबार तिथेच राहिला. त्याच्यानंतरच्या बाविसाव्या जॉननं या गावातल्या टेकडीवर किल्ला बांधला आणि द्राक्षशेतीला बळ दिलं. पण 'नवा किल्ला' हे गावाचं नाव पोप येण्याच्या आधीपासूनचं आहे. पुढे कित्येक पिढ्या गावाला शातोनफ-काल्सेर्निए म्हणत. हे नाव पडलं ते आसपासच्या चुनाभट्ट्यांमुळे. 'पोपचा' हा शब्द अधिकृतपणे नावात आला तो 1893 मध्ये! खुद्द आविन्योंच्या दरबारातही बरगंडीतल्या बोनच्या वाइनचं मोठं कौतुक होतं. किल्ल्याचं म्हणाल, तर ऑगस्ट 1944 मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानं त्याचा बुरूज सुरुंग लावून उडवला. आज टेकडीवर दिसते ती उरलेली भिंत.

दुसरी समजूत दगडांची. इथल्या बागांचे फोटो पाहिले की माती दिसतच नाही. मुठीएवढे, काही त्याहून मोठे, तांबूस गोटे सगळीकडे पसरलेले आणि त्यांतून वर आलेल्या बुटक्या वेली. आल्प्समधून निघालेले हे क्वार्टझाइटचे गोटे प्राचीन ऱ्होननं इथवर वाहून आणले. दिवसभर ते तापतात आणि रात्री ऊब सोडतात, हे खरंच. म्हणून वाइनला दगडाची चव येते असं मात्र नाही. मुळं पाण्यात विरघळलेली खनिजं तेवढी शोषतात, आणि क्वार्टझाइट पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. गोट्यांइतकीच महत्त्वाची आहे त्यांच्याखालची चिकणमाती, जी उन्हाळ्यात पाणी धरून ठेवते. शिवाय सगळ्या गावात गोटे नाहीत. कुठे वाळू आहे, कुठे चुनखडी. इथल्या सर्वांत नावाजलेल्या वाइन-घरांपैकी एक, शातो रायास, मुख्यतः वाळूवर उभं आहे. फोटोग्राफरांना गोटे आवडले, म्हणून जगानं गोटेच लक्षात ठेवले.

'तेरा द्राक्षांची वाइन' हीसुद्धा अशीच एक ओळख. नियमांत तेरा वाणांची यादी आहे. 2009 च्या नियमावलीत काळ्या-पांढऱ्या रंगांचे प्रकार वेगळे मोजल्यामुळे ती अठरावर गेली. पण ही परवानगीची यादी आहे, सक्तीची नाही. शातो द बोकास्तेल तेराही वाण लावतं, तर रायासची रेड फक्त ग्रनाशची असते. लागवडीत साधारण तीन चतुर्थांश वाटा एकट्या ग्रनाशचा आहे. आणखी एक गोष्ट आपल्याकडे अनेकांना नवी वाटेल: रेड वाइनमध्ये पांढरी द्राक्षंही घालता येतात. काळ्या द्राक्षाचा रस बहुतेक वेळा फिकाच असतो. लाल रंग येतो तो रस सालांसोबत आंबवल्यामुळे.

गोव्याची पोर्ट वाइन ही अनेक मराठी घरांतली रेड वाइनशी पहिली ओळख. त्यामुळे रेड म्हणजे गोड, आणि कडक असेल तर वरून काहीतरी घातलेलं, असं मनात बसतं. शातोनफची वाइन गोड नसते. त्यात 14-15 टक्के अल्कोहोल असतं ते उन्हात पूर्ण पिकलेल्या ग्रनाशच्या स्वतःच्या साखरेतून आलेलं. वरून साखर घालायला तिथे बंदी आहे. रेड वाइन 'खोलीच्या तापमानाला' द्यावी, हा सल्लाही युरोपातल्या जुन्या, गार घरांचा आहे, म्हणजे 16 ते 18 अंशांचा. पुण्या-नागपूरच्या मे महिन्यात बाटली थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवणंच योग्य. आणि रेड वाइन हृदयाला चांगली म्हणून प्यावी, हा समज आता सोडायला हवा. अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 मध्ये स्पष्ट सांगितलं.

मग हे गाव मोठं झालं कशामुळे? माझ्या मते याचं उत्तर दोन संकटांत आहे.

पहिलं संकट फायलोक्सेरा. वेलीची मुळं पोखरणारी ही अमेरिकन कीड 1860 च्या दशकात याच परिसरात शिरली. तिच्या खुणा फ्रान्समध्ये सर्वांत आधी दिसल्या त्या ऱ्होनच्या पलीकडच्या काठावरच्या प्युजो गावी. बागा उभ्याच्या उभ्या वाळल्या. उपाय सापडला तो अमेरिकन खुंटावर फ्रेंच वेलीचं कलम करण्याचा. नाशिक-सांगलीच्या बागायतदारांना हे समजावून सांगायला नको. ते डॉगरिज खुंटावर कलम करतात तोही अमेरिकन वंशाचाच. आपल्याकडे तो आला मुख्यतः खारट जमीन आणि पाण्याची टंचाई यांमुळे, हा फरक.

दुसरं संकट माणसांनी आणलं. इथली दमदार वाइन पिंपांनी बरगंडीकडे जायची, तिथल्या पातळ वाइनला जोर देण्यासाठी. उलट, गावाचं नाव लावून दुसरीकडची वाइन सर्रास विकली जायची. कष्ट गावाचे, नाव गावाचं, पैसा मात्र भलत्याचाच. 1923 मध्ये शेतकरी एकत्र आले आणि बॅरन पिएर ल र्‍वा यांच्याकडे गेले. ल र्‍वा कायद्याचे पदवीधर, पहिल्या महायुद्धातले वैमानिक, आणि लग्नामुळे शातो फोर्तिया या वाइन-घराशी जोडले गेलेले. त्यांच्या पुढाकारानं ठरलेले नियम चोरांपेक्षा आधी शेतकऱ्यांनाच बांधणारे होते, आणि मला यातच त्या माणसाची थोरवी दिसते. वाइन कोणत्या जमिनीतली? जिथे लॅव्हेंडर आणि थाइम दोन्ही उगवतात, इतकी हलकी असेल तिथलीच. वाण ठरलेले, छाटणीची पद्धत ठरलेली, अल्कोहोल किमान 12.5 टक्के. काढणीच्या वेळी घड निवडायचे आणि कमअस्सल माल बाजूला काढायचा. चांगल्या सुपीक मळ्याचा मालक या नियमांमुळे बाहेर राहिला असणार, आणि त्याला ते मान्य करायला लावणं सोपं नव्हतं. दहा वर्षं कोर्टकचेऱ्या चालल्या. 1933 मध्ये अंतिम निकाल गावाच्या बाजूनं लागला.

1935 मध्ये फ्रान्सनं अशा नावांसाठी राष्ट्रीय कायदा केला. त्याखाली 1936 मध्ये मान्यता मिळालेल्या अगदी पहिल्या नावांत शातोनफ-द्यु-पाप होतं. पुढे ल र्‍वा त्या व्यवस्थेच्या राष्ट्रीय संस्थेचे अध्यक्षही झाले. आजही इथे यंत्रानं काढणी चालत नाही. एका हेक्टरमागे 35 हेक्टोलिटर, म्हणजे 3500 लिटर, एवढीच वाइन या नावानं काढता येते. वेलीला भरघोस घड लागले तरी उत्पादन मुद्दाम कमी ठेवायचं, हे आपल्याकडच्या टनेज मोजणाऱ्या बागायतदाराला खटकेल. पण नाशिक व्हॅली वाइनला मिळालेलं भौगोलिक मानांकन याच विचाराच्या कुळातलं आहे. एकरी किती माल घ्यायचा आणि निवडताना किती टाकून द्यायचा, हे मात्र मानांकन मिळाल्यानंतरही तिथल्या शेतकऱ्यांना आपापसांतच ठरवावं लागेल.