छळणारा नायक हवासा का वाटतो?

आपल्या कॉलेजातल्या लेकी मोबाइलवर हल्ली एक वेगळीच प्रेमकथा वाचतात. नायक देखणा, श्रीमंत, पण दुष्ट. तो नायिकेला चारचौघांत रडवतो, धमकावतो आणि शेवटी तिच्याच प्रेमात पडतो. इंग्रजीत याला ‘बुली रोमान्स’ म्हणतात.

पेनेलोप डग्लस यांची २०१३ची ‘बुली’ ही त्यातलीच एक गाजलेली कादंबरी. जॅरेड हा टेटचा शेजारी, बालमित्र. एका सुट्टीत वडिलांकडे जाऊन येतो आणि तिच्यावर उलटतोच. शाळेत तिच्याबद्दल नाही नाही त्या अफवा उठवतो, तिला एकटं पाडतो. वडिलांनी त्याचा छळ केला होता, हे पुढे कळतं. मग माफी, मग प्रेम!

यावर वाचकांचे सरळ दोन तट पडले. एकींना त्याची कीव येते. बिचाऱ्यानं केवढं सोसलं! दुसऱ्या विचारतात, स्वतः सोसलं म्हणून दुसरीला रडवायचं? एच. डी. कार्लटन यांच्या २०२१च्या ‘हाँटिंग ॲडलिन’मधला नायक तर नायिकेच्या घरात चोरून शिरतो. लेखिकेनं सुरुवातीलाच सावधगिरीचा इशारा दिलाय. तरी कुणी ते झपाटल्यासारखं वाचलं, तर कुणी संतापून मिटलं.

‘आजकालच्या मुलीच बिघडल्या’ म्हणणं सोपं आहे. पण १९९३च्या ‘डर’मध्ये पाठलाग करणाऱ्या शाहरुखला टाळ्या कुणी दिल्या? आणि ‘लग्न झालं की येईल ताळ्यावर’ हे वाक्य आपल्याच घरात किती वेळा ऐकलं? वाया गेलेल्या मुलाला बायकोनं सुधारायचं, ही गोष्ट आपणच पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. मुली आता ती इंग्रजीत वाचतात, एवढंच.

सांगलीत जन्मलेल्या वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ (१९५९) आठवून पाहा. तिथं ययातीबरोबर देवयानी आणि शर्मिष्ठाही आपापली बाजू सांगतात. ययाती स्वतःच्या चुका कबूल करतो, पण तेवढ्यानं त्या दोघींचं दुःख पुसलं जात नाही. कारण कळलं म्हणजे गुन्हा माफ झाला, असं नसतं.

पुस्तकातली भीती आपल्या हातात असते. पान मिटलं की संपली. शिवाय शेवट गोड होणार, याची लेखिकेनं हमी दिलेली असते. एसटी स्टँडपासून घरापर्यंत मागे येणाऱ्या मुलाची हमी कोण देणार? याच सांगलीत १९९८ साली एकतर्फी प्रेमातून कॉलेजच्या मुलीचा खून झाला, हे अनेकींना आठवत असेल.

नकार दिल्यावरही मुलीचा वारंवार पाठलाग करणं हा २०१३पासून स्वतंत्र गुन्हा आहे. १ जुलै २०२४पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८मध्ये येतो. पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद. मदतीसाठी ११२ आणि महिलांसाठी १८१ हे क्रमांक आहेत.

म्हणून लेकीच्या हातातलं पुस्तक हिसकावू नका. हिसकावलं तर ती लपून वाचेल, आणि उद्या कुणी खरंच त्रास दिला तर तेही लपवेल. त्यापेक्षा शेजारी बसून विचारा, ‘तुला तो का गं आवडला? आणि तो खरंच आपल्या गल्लीत राहायला आला तर?’

उत्तर ऐकायला मात्र थांबा. मध्येच ओरडू नका!