स्पीकरची घरघर आणि अर्थिंगची पिन

अ‍ॅम्प्लिफायर लावला की स्पीकरमधून घरघर येते. ती घालवायला काहीजण प्लगची जाड, अर्थिंगची पिनच काढतात. आवाज थांबतो, पण आतली वायर सुटून धातूच्या पेटीला टेकली, तर वीज हात लावणाऱ्याच्या शरीरातून जमिनीत जाते. 16 अँपिअरचा एमसीबी वायरिंग वाचवतो, माणूस नाही. हृदयाची लय बिघडायला 0.1 अँपिअरही पुरतो.

घरघर बहुधा दोन ठिकाणच्या अर्थिंगमधल्या फरकाने येते. म्हणून परवानाधारक वायरमनकडून मेन बोर्डापासून स्वतंत्र लाइन घ्या, सगळी यंत्रे त्याच अर्थिंगवर जोडा. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा, त्याचे टेस्ट बटण अधूनमधून दाबून पाहा. तरीही थोडी घरघर राहिलीच, तर राहू द्या. अर्थिंग मात्र तोडू नका.